माझा जोड गळत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. उत्तराआधी एक यादी वाच, या दोन हातांनी मी आजवर काय केलं त्याची. फाटकं तेवीस, त्यांतली दोन सरकत्या चाकांची. पाण्याच्या टाक्या एकतीस, एकही तक्रारीसाठी परत आली नाही. आईच्या खोलीपर्यंत जाणारा गोल जिना, त्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांच्या हिशेबाने बुटक्या ठेवल्या होत्या. बाबांच्या कुबडीची मूठ. दवाखान्यासाठी चाकांच्या नऊ खाटा. एका बोटीचं सुकाणू. तुझ्या लग्नातलं कपाट, ज्याला तू 'पोलीसचौकी' म्हणालीस आणि ज्याचं दार अजून कुरकुरलेलं नाही. आणि अणुभट्टीतल्या जळून निघालेल्या इंधनाच्या पिंपांची झाकणं, एकशे बेचाळीस.

ही यादी मिरवायला दिलेली नाही. बरं, थोडी मिरवायलाही दिली आहे. पण उत्तर देणारा माणूस कोण आहे, हे आधी कळलेलं बरं. सातवीत शाळेने मला सोडलं, मी शाळेला नाही. वेल्डिंग मी शिकलो एका फाटक्या परदेशी पुस्तकातून, शेजारी शब्दकोश ठेवून, एकेका परिच्छेदाला एकेक आठवडा घालवत. त्यामुळे जे शिकलो ते पाठ नाही, पचलेलं आहे.

तू लिहितेस की महामंडळाची माणसं वस्तीत आली, त्यांच्यात हसरे साहेब म्हणून कोणी आहेत (हे नाव तूच ठेवलं असणार), तुमच्या मागच्या डोंगराच्या पोटात अणुकचरा पुरायचा म्हणतात आणि त्याला वस्तीची संमती हवी आहे. समितीवर पाच जण, पण लोक तोंडाकडे बघतात ते तुझ्या. 'दादा, हो म्हणू की नाही, एवढंच सांग.' एवढंच सांगणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. फोन केला असता, पण ग्राइंडरने माझे कान केव्हाच खाल्ले. फोनवर मी नुसता ओरडतो आणि समोरचा भांडण समजतो.

तर ऐक. भट्टीतून निघालेल्या इंधनाच्या कांड्या आधी काही वर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. पाणी त्यांना गार करतं आणि किरणंही अडवतं. त्यानंतर त्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. आमचे मेहुणे म्हणतात की रॉकेटात भरून सूर्यावर फेका. त्यांना सांग, रॉकेट वर जाताना फुटलं तर तो कचरा सगळ्यांच्या ताटात. पूर्वी काही देशांनी पिंपं सरळ समुद्रात ढकलली. ते आता बंद आहे, आणि ढकलली ती कुणी वर काढलेली नाहीत. काही ठिकाणी कांड्या आम्लात विरघळवून कामाचं तेवढं काढून घेतात आणि उरलेलं जहर वितळलेल्या काचेत कालवून ओततात. ती काचही शेवटी कुठेतरी ठेवावीच लागते. कांड्या तशाच ठेवायच्या तर दोन वाटा. एक, पोलादी पिंपात बंद करून, वर काँक्रीटचं कवच चढवून जमिनीवर उभ्या करायच्या. हा मुक्काम झाला, घर नव्हे. दुसरी, तांब्याच्या जाड भांड्यात घालून पाचशे मीटर खाली अखंड खडकात पुरायच्या आणि भोवती फुगणारी चिकणमाती ठासायची. पाणी आलंच तर ती माती फुगते आणि पाण्याची वाट बुजवते. जाणत्यांचं मत या शेवटच्या वाटेकडे झुकतं, माझंही. हजारो वर्षं राखण करणारा माणूस मिळत नाही. खडकाला पगार लागत नाही.

आता झाकणाचं. लोकांना भीती वाटते ती गळण्याची. झाकण मी एका फेरीत कधीच बसवत नाही. सात फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर थांबायचं, लाल रंग फासायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी मारायची. केसाएवढी जरी चीर असेल तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मग आतली हवा काढून हेलियम वायू भरायचा आणि तो कुठून निसटतो का, ते यंत्राने हुंगायचं. माझ्या झाकणांवर यंत्राची सुई हललेली नाही. सभेत कुणी विचारलं तर बेलाशक सांग, माझ्या भावाने लिहून दिलंय: माझा जोड गळत नाही. मी गेल्यावरही गळणार नाही.

कारखान्यात सध्या काम दाबून आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

सभा झाली. शाळेच्या मोठ्या खोलीत होती, पण बाकं पहिलीच्या मुलांची. सगळी थोर माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. समोर हसरे साहेब. पडद्यावर आपला डोंगर दाखवला, आमचा डोंगर एवढा हिरवा आम्ही कधी पाहिला नव्हता.

नावाडी उठला. तुला तो माहीत नाही. लोकांना खाडीपलीकडे नेतो, आणि प्रत्येक सभेत पहिला प्रश्न त्याचाच असतो, मग ती सभा नळाची असली तरी. म्हणाला, "साहेब, एवढं निर्धोक आहे तर तुमच्या घरामागे का नाही पुरत?"

साहेब म्हणाले, "माझ्या घरामागे डोंगर नाही."

"तेवढीच अडचण असेल तर आमचा घेऊन जा," शिंपीणबाई म्हणाल्या. सगळे हसले. साहेबही हसले. ते नेहमीच हसतात, त्यामुळे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांनी कमावलेलं आहे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझं पत्र काढलं. मनात होतं की चिकणमातीचा भाग तेवढा वाचायचा. पण नावाडी म्हणाला, पत्र वाचायचं तर सगळं वाच, गाळून वाचलेलं मला चालत नाही. म्हणून फाटकांपासून सुरुवात केली. पोलीसचौकीला हशा झाला आणि ह्यांनी मान खाली घातली. रॉकेटला परत हशा, ह्यांची मान आणखी खाली. पण झाकणाचं वाचायला लागले तेव्हा मागची माणसं पुढे येऊन उभी राहिली. लाल रंग, पांढरी भुकटी, सात फेऱ्या. आणि शेवटची ती ओळ.

नावाड्याने पत्र हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाला, "हा माणूस खोटं बोलत नसणार. स्वतःचं एवढं कौतुक करणाऱ्याला खोटं बोलायची गरजच काय?"

हात वर करायला सांगितले. आठ-दहा सोडले तर सगळे वर गेले. मी माझा सगळ्यात शेवटी वर केला, म्हणजे कुणी म्हणायला नको की हिने ओढलं. पण दादा, ओढलं मीच, आणि तुझ्या पत्राने. खूप वर्षांनी असं वाटलं की आपल्या घरातलं कुणीतरी चारचौघांत उपयोगी पडलं. बाबा असते तर कुबडी आपटून दाखवली असती.

समितीने संमतीपत्रावर सह्या केल्यावर साहेबांनी तुझ्या पत्राची छायाप्रत मागून घेतली. मी सांगितलं, माझा भाऊ आजही तुमच्याच कारखान्यात झाकणं बसवतो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मग हसले.

कामावर डोळ्यांना जप. ह्यांचा नमस्कार. ते म्हणतात, रॉकेटचं नाव काढायला नको होतं.

तुझी धाकटी


९ मार्च

प्रिय धाकटे,

खाजगी पत्र चारचौघांत वाचायचं नसतं, हे आईने आपल्याला शिकवलं होतं. तू वाचलंस. मी रागावलो नाही, पण हे लिहून ठेवतो. वाचायचंच होतं तर टाक्यांचा आकडा तरी बरोबर वाचलास ना? एकतीस.

नावाड्याला माझा नमस्कार सांग. त्याचं बोलणं मला लागलं नाही. माणसाने काम चोख केलं की कौतुक करायला दुसऱ्याची वाट कशाला बघायची?

एक बारीक गोष्ट. मी लिहिलं ते माझ्या पोलादी पिंपांच्या झाकणाबद्दल. खडकात जायची भांडी तांब्याची असतील आणि ती वेगळ्या तऱ्हेने जोडतात. तुझ्या लक्षात आलंच असेल. संमतीपत्राची प्रत हाताशी असली तर पाठव, नुसतं बघतो. घाई नाही.

कारखान्याचं विशेष काही नाही. साहेबाला माझ्याबद्दल फार सांगत बसू नकोस.

तुझा दादा


२८ एप्रिल

दादा,

डोंगराला अजून कुणी हात लावलेला नाही. मशीन आलं, पण ते गेलं खाडीकडे. नावांच्या धक्क्याला लागून जी सपाट जागा आहे, जिथे जाळी वाळत घालतात, तिथे त्यांनी काँक्रीटची फरशी ओतली. शाळेच्या मैदानाच्या दुप्पट. भोवती कुंपण. नावाडी आता नाव लावायला पलीकडच्या चिखलात जातो.

मी विचारायला गेले. हसरे साहेबांनी संमतीपत्राचं दुसरं पान उघडून दाखवलं. पहिल्या पानावर डोंगर, बोगदा, पाचशे मीटर. दुसऱ्यावर 'पूर्वतयारीची साठवण'. बोगदा होईपर्यंत पिंपं फरशीवर उभी राहणार, बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीतून येणार. मी विचारलं, बोगदा कधी होणार? म्हणाले, अभ्यास चालू आहे. विचारलं, अभ्यास कधी संपणार? म्हणाले, "ताई, विज्ञानाला तारीख नसते." मी दुसरं पान त्या दिवशी वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं. तुझं पत्र वाचून झाल्यावर वाचायचं काही उरलंय असं वाटलं नाही.

मी म्हटलं, पण माझ्या भावाने तर तांब्याच्या भांड्यांचं लिहिलंय. म्हणाले, ती पुढे. फरशीवर येतील ती तुमच्या भावाचीच पिंपं. त्यांच्या हातची निवडूनच आणतो आहोत, वस्तीचा विश्वास आहे म्हणून.

आणि मग म्हणाले, "तसे ते आमच्याकडून जाऊन तीन वर्षं झाली. पण माणूस गुणी."

दादा, तीन वर्षं?

एक पुस्तिका घरोघर वाटली आहे. मधल्या पानावर तुझा फोटो, हातात मुखवटा, मागे झाकण. खाली मोठ्या अक्षरात तुझं वाक्य. 'माझा जोड गळत नाही.' आधीचंही नाही, नंतरचंही नाही. आमच्या घरातही एक प्रत टाकून गेले.

दोन गोष्टी विचारते. तू कामावर आहेस की नाही? आणि तुझी ती पिंपं खाडीच्या काठावर उभी केली तर चालतात का? माझ्या दाराची कडी दरवर्षी गंजते, हे तुला माहीत आहे. तू स्वतःच बदलून दिली होतीस.

धाकटी


६ मे

प्रिय धाकटे,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मला येतं.

पिंप ज्या पोलादाचं असतं ते सहसा गंजत नाही. पण जोडाच्या दोन्ही कडांना बोटभर रुंदीची एक पट्टी असते. ती वेल्डिंगच्या आचेने तापून गार झालेली असते आणि आतून ताणलेली राहते. डोळ्याला दिसत नाही. काँक्रीटच्या कवचाला खाली-वर झरोके असतात, कारण पिंप गरम असतं आणि वारा खेळता हवा. खाडीवर त्या झरोक्यांतून वाऱ्याबरोबर मीठ आत जाणार. ते पिंपाच्या अंगावर बसणार. पिंप जसजसं थंड होत जाईल तसतसं त्या मिठाला दमट हवेतून ओल धरणार, आणि ताणलेल्या पट्टीत केसासारख्या चिरा सुरू होऊ शकतात. उद्या नाही, पाच वर्षांत बहुधा नाही. वीस-तीस वर्षांत होतील की नाही, हे छातीठोक सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. कोरड्या जागेत, आतल्या मुलखात, माझी पिंपं तीच तीस वर्षं हसत काढतील. ती तिथल्यासाठीच केली होती.

म्हणजे मी जे लिहिलं त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. जोड गळत नाही. त्यांनी तो भलत्या जागी नेऊन ठेवला, आणि माझं वाक्य मधूनच तोडून घेतलं.

आता पहिला प्रश्न. कारखान्यात झाकण बसवायचं यंत्र आलं. झाकणाभोवती रूळ लावतात, त्यावरून ते फिरतं, शेजारच्या खोलीत एक मुलगी पडद्याकडे बघत बसते. यंत्राचा जोड वाईट नाही. मी निरखून पाहिला आहे. माझ्याइतकाच बरा आहे, आणि हे लिहायला मला तीन वर्षं लागली. आम्हाला सहा जणांना एका दुपारी बोलावलं, पुष्पगुच्छ दिला, आणि फाटकाबाहेर गेल्यावर ओळखपत्र परत मागून घेतलं. हल्ली मी दुकानांची शटरं आणि सायकलींच्या चौकटी करतो. तुला सांगितलं नाही, कारण तू प्रत्येक पत्रात 'कामावर जप' लिहायचीस आणि ते वाचायला बरं वाटायचं.

हे पत्र सभेत वाच. या वेळी मीच सांगतो. झरोक्यांचा भाग नीट, सावकाश वाच. मी महामंडळाला लिहितो आहे.

तुझा दादा


१९ जून

दादा,

वाचलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे सावकाश वाचलं. त्याच खोलीत, त्याच बाकांवर, पण माणसं निम्मी होती.

झरोक्यांवर पोचेपर्यंत शिंपीणबाई म्हणाल्या, "फेब्रुवारीत गळत नव्हतं, मेमध्ये गळायला लागलं?" मी म्हटलं, तसं नाही, पट्टीचं आहे, मिठाचं आहे. कुणीतरी मागून विचारलं, "आधीचं पत्र केवढ्याला लिहिलं होतं आणि हे केवढ्याला?" हशा झाला. पहिल्या सभेत झाला होता तसाच.

यंत्राचा भाग मी वाचणार नव्हते. पण नावाडी म्हणाला, "गाळू नकोस." वाचला. मग तो उठला आणि म्हणाला, "म्हणजे तो नोकरीवर नसताना आपल्याला नोकरीवर असल्याचं सांगत होता. त्या दिवशी मी म्हटलं होतं, हा खोटं बोलणार नाही. माझे शब्द मी परत घेतो." मोठ्याने बोलला नाही. माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं.

साहेब शांत होते. म्हणाले, संमती झालेली आहे, नोंदलेली आहे. भावाला आता राग आला असेल, माणूस आहे.

पहिली बार्ज सोमवारी लागली. सात पिंपं. कवच चढवून उभी केली आहेत. मला वाटलं होतं भयंकर काहीतरी दिसेल. तसं काही नाही, पांढरे जाड खांब दिसतात. मुलं त्यांना 'मामा' म्हणतात. पुस्तिकेतला तुझा फोटो बघून कुणीतरी ते नाव दिलं. दोन मामा पुढे, पाच मामा मागे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात.

समितीवरून मी उतरले. काढलं नाही कुणी, पण मी बोलायला लागले की लोक चपला शोधायला लागतात. ह्यांच्या गिरणीत दळण येतं, पण डबे मुलांच्या हाती येतात, मोठं माणूस येत नाही. हे गिरणी लवकर बंद करून घरी येतात. परवा कपाटाला तेल देत होते. मी म्हटलं, त्याला तेल लागत नाही, दादाने केलंय. तर म्हणाले, "तेही त्यानेच सांगितलं होतं ना?"

मी तुला डोंगराचं विचारलं होतं. हो की नाही. तू मला टाक्यांचा आकडा दिलास.

आता एकच विचारते. वस्तीतले सगळे म्हणतात की फोटोचे आणि वाक्याचे पैसे तू घेतलेस. मी नाही म्हणते. पण तीन वर्षं तू कामावर होतास असंही मीच म्हणत होते, म्हणून आता माझं म्हणणं कुणी ऐकत नाही, मीसुद्धा. घेतलेस का? हो की नाही, एवढं लिही. पानं नकोत.

धाकटी


७ जुलै

धाकटे,

नाही.

पानं नकोत म्हणालीस, तरी दोन लिहितो. यातलं काहीही सभेत वाचू नकोस.

तू मला डोंगराचं विचारलंस आणि मी माझं सांगितलं. तुझ्या प्रश्नात मी कुठेच नव्हतो. तीन वर्षं मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. तुझं पत्र आलं आणि मी जिना, कपाट, खाटा, सगळं घेऊन तुझ्या सभेत येऊन बसलो. कुठलं पिंप, कुठली जागा, हे कुठलाही कारागीर कामाला हात लावण्याआधी विचारतो. सायकल दुरुस्तीला आली तरी मी विचारतो, कुठल्या रस्त्याने जाता. तुला विचारलं नाही. हे माझ्या हातून झालं आहे आणि ही चीर वेळीच दाखवणारा लाल रंग माझ्याकडे नव्हता.

महामंडळाला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात स्वतः गेलो. नऊ तासांचा प्रवास. कचेरीत गालिचा आहे, पायाचा आवाज होत नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तोच फोटो, दरवाजाएवढा. सकाळपासून दुपारपर्यंत मी माझ्याच फोटोखाली बसलो होतो. चहा देणाऱ्याने दोनदा विचारलं, कुणाला भेटायचंय आणि काय काम आहे. फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, कारखान्याच्या वार्षिक अहवालासाठी काढलेला. त्याचा त्या वेळी एक चहा मिळाला होता. तेवढं मात्र घेतलं आहे.

तुझे हसरे साहेब भेटले. खरंच हसतात. मी म्हटलं, ते वाक्य काढा.

"का? खोटं आहे का, मिस्त्री?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"पुस्तिकेत सगळ्यांचंच अर्धं असतं. मंत्र्यांचंसुद्धा."

मी म्हटलं, मग उरलेलं अर्धं छापा. खाडीची हवा, झरोके, पट्टी. मी लिहून नेलं होतं, आकृतीसकट. त्यांनी नीट वाचलं, आकृती उलटी धरली नाही, दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही बरोबर विचारले. त्या माणसाला सगळं समजतं, धाकटे. मला त्याचीच चीड आली. न समजणाऱ्याला समजावता येतं.

म्हणाले, "हे आमच्या लोकांनीही लिहिलेलं आहे. पण पिंपं आहेत, भट्टीचे हौद भरलेत, डोंगराला वेळ आहे, आणि त्यांना ठेवायला दुसरी कुठली वस्ती हो म्हणत नाही. तुमच्या बहिणीच्या वस्तीने म्हटलं. कुठेतरी ठेवावीच लागणार ना?"

"आतल्या मुलखात ठेवा."

"तिथल्या वस्तीत तुमची बहीण नाही."

हे म्हणताना मात्र ते हसले नाहीत.

वाक्याबद्दल म्हणाले की ते भर सभेत वाचलं गेलं, नोंदलं गेलं, ते आता तुमचं राहिलं नाही. वकिलाला विचारा. मी विचारलं. वकीलही तेच म्हणाला. पुस्तिका चालू राहणार.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. आता ऐक, कारण हे मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि पुन्हा सांगणार नाही.

मला तुमच्या खाडीवर निरीक्षक म्हणून नेमायचं. पाच वर्षं. कुंपणाला लागून राहायला खोली. वर्षातून दोनदा पिंपं तपासायची आणि सही करायची. म्हणजे तुझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर मी, आणि माझ्या झाकणांवर निदान माझी नजर. मी मोहात पडलो नाही असं लिहिणार नाही. पेन हातात घेतलं होतं.

विचारलं, "तपासताना कवच काढून देणार ना? जोड बघायला लागेल."

"कवच काढायचं नाही. झरोक्यापाशी तापमान मोजायचं."

"तापमानावरून चीर कळत नाही."

"नेमणुकीत चीर हा शब्द नाही, मिस्त्री."

खाली अहवालांचे दहा कागद जोडलेले होते, पाच वर्षांचे, दर वर्षी दोन. 'दोष आढळला नाही.' दहाही टाइप करून तयार. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली होती, आणि सहीची.

मी पेन टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, विचार करा, तुम्ही नाही तर दुसरा कुणी सही करेल, आणि त्याला झाकणातलं काही कळत नसेल. हे त्यांचं खरं आहे. दुसऱ्याची नेमणूक झाली, असं मला या सोमवारी कळलं. तुझ्याकडे येईल तो. त्याच्याशी वाईट वागू नकोस, त्याला जोडाबद्दल कुणी काही विचारलेलं नाही, नुसती सही मागितली आहे. मी गेलो असतो तर तुझं भलं झालं असतं का, हे मला ठरवता येत नाही. माझ्या नाही म्हणण्याने तुझ्या खिडकीतलं एकही पिंप हललेलं नाही.

तू पैशाचं विचारलंस म्हणून आकडा सांगतो, बरोबर आकडा, म्हणजे कुणी अंदाजाने वाढवायला नको. दहा सह्या, पाच वर्षांची खोली, वाक्य आणि फोटो कायमचे त्यांचे, आणि खाडीच्या हवेबद्दल कुठेही एक अक्षर बोलायचं नाही. या सगळ्याला मी नाही म्हटलं. रक्कम होती चौदा लाख साठ हजार.

दादा